गुंडाळकाकू आणि बोलके पार्सल

वस्तू गुंडाळणे हे काम वरवर पाहता कोणालाही जमण्याजोगे दिसते. परंतु गुंडाळलेली वस्तू कानाशी धरून हलवली असता तिने चकार शब्द काढू नये, इतक्या प्रतीचे गुंडाळणे फार थोड्यांना साधते. काकूंना ते साधले होते. लोकांनी घरबसल्या मागवलेल्या वस्तू खोक्यांत भरून दारोदार पाठवणारे एक मोठे गोदाम शहराच्या टोकाला होते. तेथील पॅकिंग विभागात काकूंनी उभे आयुष्य काढले होते, आणि ते अक्षरशः उभे, कारण टेबलापाशी बसण्याची सोय नव्हती. विभागात त्यांना गुंडाळकाकू म्हणत. हे नाव त्यांच्या पाठीमागे नव्हे, तोंडावरच घेतले जाई, आणि त्याही त्याला ओ देत.

हा गुण त्यांच्याकडे वडिलांच्या दुकानातून आला होता. वडील चिनी मातीची भांडी विकत. वाटेत फुटलेली बशी ही गिऱ्हाइकाची नव्हे, आपली, असे त्यांचे ठाम मत असे, आणि त्या मतापायी लहानपणीच काकूंच्या हाताला वर्तमानपत्राच्या घड्यांची सवय लागली. ती पुढे हातातून संसारात शिरली. घरातला टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी कापडी खोळीत, आणि खोळीला नाडी. वाहिनी बदलायची तर आधी नाडीची गाठ सोडावी लागे. त्यामुळे त्यांचे यजमान बहुधा जे लागले असेल तेच मुकाट्याने पाहत. नवी छत्री पावसात भिजेल म्हणून तिला वेगळे वेष्टन होते. यजमानांचा चष्मा तर इतक्या सुरक्षित घरट्यात असे, की तो शोधण्यासाठी त्यांना चष्मा लागे.

हे यजमान त्याच गोदामाची गाडी चालवत आणि पार्सले पोहोचवत. लग्नापूर्वी त्यांची गाडी चालवण्याची तऱ्हा अशी होती, की रस्त्यातल्या एकाही खड्ड्याने आपल्याला वगळले म्हणून रुसू नये. त्यांच्या गाडीतल्या खोक्यांतून खुळखुळ, किणकिण, कधीकधी छन्न असे आवाज येत. एके दिवशी त्यांच्या लक्षात आले, की काही खोकी मात्र कधीच वाजत नाहीत. त्यांतले एक त्यांनी कानाशी धरले, हलवले, उलटे करून पुन्हा हलवले, आणि ते कोणी बांधले याचा शोध घेत ते थेट टेबलापाशी येऊन उभे राहिले. “यातून काहीच कसं वाजत नाही?” हे त्यांनी काकूंना उद्देशून उच्चारलेले पहिले वाक्य. प्रेमाची कबुली म्हणून ते फारसे गाजण्यासारखे नाही. पण काकूंच्या मर्मावर तोवर कोणी इतके नेमके बोट ठेवले नव्हते. पुढे रीतसर लग्न झाले आणि गाडीने बरेचसे खड्डे माफ केले.

अशा या काकूंना उतारवयात एकच इच्छा उरली होती, आणि ती म्हणजे एक खुर्ची.

पॅकिंग विभागाच्या प्रमुखाला काचेच्या भिंतीलगत एक उंच, फिरती खुर्ची असे. तिला हात टेकायला दांड्या होत्या आणि पाय ठेवायला खाली एक कडे. जुने प्रमुख गळ्यात शिट्टी अडकवून तिच्यावर बसत आणि दिवसभर शिट्टी फुंकत. ती कोणी ऐकत नसे, हा भाग निराळा. ते निवृत्त झाले तेव्हा मॅनेजरबाईंनी काकूंना बोलावून सांगितले, की विभाग तूर्त तुम्ही सांभाळा. त्याच सुमारास विभागात नवी यंत्रे परीक्षेसाठी यायची होती. ती सगळी नीट राहून परत मोजून मिळाली, तर खुर्ची कायमची तुमची. म्हणजे नवी यंत्रे आणि नवी प्रमुख, दोघांचीही चाचणी एकदमच सुरू झाली. काकूंनी होकार दिला. मात्र जी वस्तू अद्याप आपली झाली नाही ती वापरायची नाही, या शिस्तीने त्या खुर्चीवर बसल्या नाहीत. उलट धूळ बसू नये म्हणून त्यांनी ती पाठीपासून चाकांपर्यंत बबल रॅपमध्ये गुंडाळून ठेवली, वर कागद लावला आणि चिकटपट्टी मारली. काचेपलीकडच्या आपल्या केबिनमधून मॅनेजरबाईंना ते गाठोडे रोज दिसे. पहिल्या दिवशी त्यांनी ते कुठे पाठवायचे आहे म्हणून विचारणाही केली होती.

नवी यंत्रे म्हणजे हातात मावणारे संगणकच होते. वस्तूवरचा बारकोड त्यांच्यासमोर धरला की ती वस्तू कोणाची, कुठे जायची, हे पडद्यावर उमटे. त्यांच्यावरून एकमेकांशी वॉकीटॉकीसारखे बोलता येई, आणि आत सिमकार्ड असल्यामुळे शहराच्या दुसऱ्या टोकापर्यंत आवाज पोचे. हातमोजे घालूनही ती चालत. कोपऱ्यांना जाड रबर होते, सांधे असे बंद केलेले, की धूळ आणि पाणी आत शिरू नये. कामगारांनी पहिल्याच दिवशी त्यांचे नाव साधेपणाने मशीन ठेवले.

यंत्रे विकणाऱ्या कंपनीचा प्रतिनिधी हा तरणाबांड, टापटीप आणि अतिशय उत्साही गृहस्थ होता. यंत्राचे गुण तो बोलून सांगत नसे. आपटून सांगत असे. वाक्य संपले की पूर्णविरामाच्या जागी तो हातातले यंत्र फरशीवर टाकी, उचले, चालू असल्याचे दाखवी आणि पुढचे वाक्य सुरू करी. त्याचे आडनाव काही वेगळेच होते, परंतु दुपारच्या चहापर्यंत तो आपटेसाहेब झाला होता. प्रत्येक आपटण्यासरशी काकूंच्या काळजात धस्स होई. वडिलांच्या दुकानात वाढलेल्या मुलीला वस्तू पडण्याचा आवाज हा आवाज नसतो, ती बातमी असते.

त्या रात्री काकूंनी जुन्या दुलईतून बारा खोळी शिवल्या. आत कापूस, वर जाड कापड, पडद्यापुरती खिडकी. आपटेसाहेबाने पुढच्या फेरीत त्या पाहिल्या तेव्हा त्याचा चेहरा पडला. ज्या यंत्राला काही होत नाही हीच ज्याची ख्याती, त्याला दुलई पांघरणे म्हणजे पैलवानाला कडेवर घेऊन हिंडण्यासारखे आहे, असे त्याने कळवळून सांगितले. काकूंनी त्याच्यादेखत साऱ्या खोळी काढल्या. तो फाटकाबाहेर पडताच पुन्हा घातल्या. शिवाय मशीन उघड्या टेबलावर म्हणून ठेवायचे नाही, नेहमी बबल रॅपच्या तुकड्यावरच टेकवायचे, हा नियम त्यांनी स्वतःपुरता केला. पुढे जे घडले ते या नियमामुळेच घडले.

चाचणीचा शेवटचा दिवस उजाडला. दुपारी आपटेसाहेब येऊन यंत्रे मोजून घेणार होता. काकूंसमोर एक निळी फुलदाणी आली. उंच मान, बारीक कंबर, अंगभर पांढरी नक्षी. काकूंनी तिचा बारकोड मशीनला दाखवला, पत्त्याची चिठ्ठी छापून घेतली, फुलदाणीसाठी बबल रॅप अंथरला आणि हातातले मशीन क्षणभर, नियमाप्रमाणे, त्या मऊ रॅपवर ठेवले. एवढ्यात शेजारच्या टेबलावर टेप लावणाऱ्या बाईने हाक मारली. हिला सारे टेपवाली म्हणत. टेप आणि जीभ, तिची दोन्ही सारख्याच वेगाने चालत.

“काकू, तुमचा आपट्या आला बघा. जेवणाआधीच!”

काकूंची मान वळली. काचेपलीकडे मॅनेजरबाईंच्या केबिनमध्ये तो खरोखरच बसत होता. काकूंची नजर त्याच्यावरून सरकून गुंडाळलेल्या खुर्चीवर गेली आणि तिथेच रेंगाळली. पण हात थांबणारे नव्हते. इतक्या वर्षांत त्यांना डोक्याची परवानगी घेण्याची गरज उरली नव्हती. रॅपवर जे पहुडले होते ते त्यांनी गुंडाळले, उलटे फिरवून पुन्हा गुंडाळले, खोक्यात बसवले, चारी बाजूंनी कागद ठासला, चिठ्ठी चिकटवली आणि खोके सरकत्या पट्ट्यावर सोडले. पट्ट्याने ते पलीकडे नेले, हमालांनी गाडीत चढवले. दैवयोगाने म्हणा किंवा नित्यक्रमाने म्हणा, ती गाडी काकूंच्या यजमानांची होती. गाडी फाटकाबाहेर पडली.

पुढची वस्तू आली. काकूंनी मशीनसाठी हात पुढे केला आणि तो रिकामाच राहिला.

त्यांनी टेबलाखाली पाहिले. कागदाच्या ढिगात पाहिले. एप्रनच्या खिशात, रद्दीच्या पिंपात, आणि माणसाची मती कुंठित झाली की जिथे तो पाहतो अशा सगळ्या अशक्य जागी पाहिले. टेपवालीने तोंड उघडण्याआधी त्यांनी तिचे मशीन घेतले आणि आपल्या मशीनला रिंग दिली. परंतु त्या दालनात पट्टे घरघरत होते, टेप करकरत होती, आणि बोलणाऱ्यांची संख्या काम करणाऱ्यांइतकीच होती. रिंग कशी ऐकू यावी? काकू आपल्या जागीच वळल्या आणि त्यांनी हात वर केला.

तोंडाने त्या काहीच बोलल्या नाहीत. पण हात पाहून पट्ट्यावरच्या माणसाने पट्टा बंद केला. टेपा थांबल्या. बोलणाऱ्यांनी वाक्ये अर्ध्यावर सोडली. ज्या दालनात जुन्या प्रमुखांची शिट्टी वर्षानुवर्षे बुडून जात होती, तिथे ट्यूबलाइटची गुणगुण ऐकू येऊ लागली. काचेपलीकडे मॅनेजरबाईंनी चहाचा कप ओठांपासून खाली घेतला आणि त्या उठून उभ्या राहिल्या.

त्या शांततेत कुठेही काही वाजले नाही. वाजणार कसे? काकूंनी बांधलेले खोके होते ते. आणि त्याच शांततेत काकूंची नजर टेबलावर गेली. तिथे निळी फुलदाणी उभी होती, अंगावर चिंधीसुद्धा नसलेली.

टेपवालीने फुलदाणीकडे पाहिले, मग काकूंकडे, मग गाडीच्या रिकाम्या झालेल्या जागेकडे. तिला सारे उमगले. “बाई गं,” एवढेच ती म्हणाली; आणि तिच्या तोंडून एवढेच निघणे ही परिस्थिती किती गंभीर आहे याची खूण होती.

काकूंनी हात खाली घेतला, दालन पुन्हा घरघरू लागले. आता करायचे काय? आपटेसाहेबाच्या पाटीएवढ्या टॅब्लेटवर बाराही यंत्रे ठिपक्यांच्या रूपाने दिसतात, हे काकूंना ठाऊक होते. त्याला विचारले असते तर त्याने निमिषात सांगितले असते. पण विचारायचे म्हणजे मशीन हरवले हे सांगायचे, आणि ते सांगायचे म्हणजे खुर्ची गेली. यजमानांना फोन करावा तर गाडी चालवताना ते फोन बंद करून कप्प्यात टाकत. हा नियमही काकूंनीच घालून दिलेला, आणि फोनला त्यांनीच पाऊच शिवलेला. उरला एकच मार्ग. मशीन गाडीत आहे, आणि मशीनमधून बोलता येते. काकू टेपवालीचे मशीन घेऊन माल चढवायच्या धक्क्यावर गेल्या, रिकाम्या खोक्यांच्या ढिगाआड उभ्या राहिल्या आणि त्यांनी बोलायचे बटण दाबले.

बटणे दोन होती. लहान बटण एकाशी बोलण्याचे आणि मोठे सर्वांशी बोलण्याचे. काकूंच्या हातात जाड हातमोजे होते आणि मनात काहूर होते. त्यांनी मोठे दाबले.

“अहो. अहो, ऐकताय ना? घाबरू नका, मी बोलतेय. गाडी बाजूला घ्या. आणि नेहमीसारखा कचकन ब्रेक मारू नका, मागे फुलदाणी आहे. नाही, फुलदाणी इथंच आहे. मागे मी आहे. म्हणजे मी नाही हो, माझं मशीन. ते मी पॅक केलंय. हसू नका. असाल तिथून परत या.”

दालनातल्या नऊ यंत्रांतून, नऊ टेबलांवर, काकूंचा आवाज एका सुरात घुमला. मॅनेजरबाईंच्या टेबलावर ठेवलेल्या यंत्रातूनही घुमला. आपटेसाहेब त्या क्षणी आवाज किती स्पष्ट येतो हेच समजावत होता. त्याला पुढे काही सांगावेच लागले नाही.

धक्क्यावर काकू उत्तराची वाट पाहत होत्या. खोक्यातले बटण दाबणारे कोणी नव्हते, तेव्हा उत्तर येणे शक्य नव्हते, हे त्यांच्या ध्यानी आले नाही. त्यांचा सूर चढला. नको तेव्हा उलट उत्तरे देता आणि आज हवे आहे तर तोंडात गुळणी धरून बसला आहात, अशा अर्थाचे त्या बरेच काही बोलल्या. त्यात मागच्या महिन्यातल्या गळक्या नळाचाही उल्लेख येऊन गेला. दालनात माणसे पोट धरून टेबलांवर ओणवी झाली होती. मग एकाएकी काकूंचा आवाज खाली आला.

“तो आपट्या वेळेआधीच येऊन टपकलाय. एक मशीन कमी भरलं की खुर्ची गेली. तुम्हाला कधी सांगितलं नाही, पण संध्याकाळी मी जिन्यात मध्येच थांबते ना, ती शेजारणीशी बोलायला नाही थांबत. गुडघे पुढं जायला नाही म्हणतात. त्या खुर्चीवर एकदा तरी बसायचंय हो मला.”

हसणारी माणसे सावकाश सरळ झाली. कोणी कोणाकडे पाहिले नाही.

काकू दालनात परतल्या तेव्हा प्रत्येक जण इतक्या मन लावून काम करत होता, की त्यांना संशयच आला. टेपवालीने शब्द वाया न घालवता काकूंच्या हातातले मशीन घेतले, मोठे बटण दाबले आणि त्यात हळूच खोकली. दालन नऊ ठिकाणांहून खोकले. काचेपलीकडे मॅनेजरबाईंचे टेबलही खोकले. काकूंच्या तोंडचे पाणी पळाले. धरणी दुभंगावी आणि आपल्याला आत घेऊन वरून नीट टेप लावून टाकावी, असे त्यांना वाटले.

केबिनचे दार उघडले. मॅनेजरबाई पुढे आणि टॅब्लेट छातीशी धरून आपटेसाहेब मागे, असे दोघे टेबलापाशी आले.

“आपट्या म्हणजे मीच ना?” त्याने विचारले.

काकूंनी मान खाली घातली. तो रागावला असावा असे त्यांना वाटले, पण त्याच्या गालावर हसू दाबल्याच्या खुणा होत्या. त्याने टॅब्लेट फुलदाणीशेजारी आडवा ठेवला. नकाशावर गोदामाच्या जागी अकरा ठिपक्यांचा घोळका होता, आणि एक ठिपका दूर रस्त्यावरून चालला होता. सगळा विभाग भोवती गोळा झाला.

ठिपका थांबला. मग वळला. ऐकलं काकांनी, असे कोणीतरी म्हणताच सगळ्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. परंतु ठिपका गोदामाच्या वाटेला लागेना. तो भलत्याच गल्लीत शिरला. टेपवालीने गिऱ्हाइकाचे घर तिकडे आहे का म्हणून विचारले.

“हा आमच्या घराचा रस्ता,” काकू म्हणाल्या.

“घरी कशाला?”

ते काकूंनाही सांगता येईना. ठिपका त्यांच्या इमारतीपाशी जाऊन थांबला. आता काकूंना ते डोळ्यांसमोर दिसू लागले. “आता ते नळ बघतायत,” त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, आता गॅस. मग गॅलरीचे दार. ठिपका गाडीतच होता आणि तसूभरही हलत नव्हता, तरी सगळ्यांनी माना डोलावल्या. आपटेसाहेबानेही डोलावली, आणि यजमान स्वतः आपल्या टॅब्लेटवर दिसत नाहीत याची त्याला प्रथमच उणीव भासली असावी.

मॅनेजरबाईंनी सुचवले, की पुन्हा बोलून पाहा. आता लपवण्यासारखे काही उरलेच नव्हते. काकूंनी टेपवालीचे मशीन तोंडाशी धरले, यजमान गाडीपाशी परत येईपर्यंत अंदाजाने वाट पाहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, “अहो, आता तिथंच थांबा, हलू नका.”

ठिपका तत्काळ हलला.

दालनात हसण्याचा असा कल्लोळ उठला, की पट्ट्यावरच्या माणसाने घाबरून पट्टा पुन्हा बंद केला. ठिपका धावत होता. तो गल्लीतून बाहेर पडला, मोठ्या रस्त्याला लागला, एका वळणावर क्षणभर अडखळला. बारीकसारीक प्रत्येक हालचालीवर पैज लागू लागली. डावीकडे, उजवीकडे, गोदामाकडे! घोड्यांच्या शर्यतीत नसेल असा आरडाओरडा त्या इवल्याशा ठिपक्यासाठी चालला होता, आणि आपटेसाहेब सर्वांत पुढे टाळ्या पिटत होता. ठिपका येऊन अकरा ठिपक्यांच्या घोळक्यात मिसळला. धक्क्यावर गाडी थांबल्याचा आवाज आला. कचकन नव्हे, हळुवार.

यजमान आत आले. टोपी हातात, खोके पोटाशी. एवढी माणसे आपल्याकडे टक लावून पाहत आहेत, हे पाहून ते बिचकले. पण मनाशी ठरवून आलेले काम त्यांनी पार पाडले.

“चुकलं माझं,” ते काकूंना म्हणाले.

“काय चुकलं?” काकूंनी विचारले.

“ते काही कळलं नाही. पण चुकलं.”

मग त्यांनी जे सांगितले त्याचा मथितार्थ असा. रस्त्याने जाताना मागून काकूंचा आवाज आला. याचे त्यांना विशेष वाटले नाही. इतक्या वर्षांच्या संसारात तो आवाज त्यांना गाडीत एकटे असतानाही अधूनमधून ऐकू येई, आणि ते त्याला सवयीने हो, हो, बघतो, असे उत्तरही देत. आज शब्द एकही लागत नव्हता, जाड गोधडीतून कोणी बोलावे तसे ते होते. पण सूर ओळखीचा होता. तो सूर घरी काहीतरी उघडे राहिले असल्याचा होता. म्हणून ते घरी गेले. नळ पाहिला, गॅस पाहिला, गॅलरीचे दार पाहिले. या ठिकाणी साऱ्या विभागाने काकूंकडे आदराने पाहिले. सगळे ठाकठीक होते, आणि त्यामुळेच त्यांची पाचावर धारण बसली. चूक आहे आणि ती दिसतसुद्धा नाही, म्हणजे ती मोठी असणार. ते खाली गाडीपाशी आले तोच आवाज पुन्हा आला, आणि या खेपेला त्यांना कळले, की तो एका खोक्यातून येतो आहे.

“अगं, तुझं खोकं आजवर कधी वाजलंसुद्धा नाही,” ते म्हणाले. “आज ते बोललं. म्हटलं, प्रकरण साधं नाही. पुढच्या सीटवर ठेवलं, बेल्ट लावला आणि तडक आलो.”

टेपवाली टेबलाला धरून खालीच बसली.

खोके उघडायचे होते. आणि इथे काकूंची कला काकूंवरच उलटली. चिकटपट्टीचे टोक सापडेना. सापडले तर सुटेना. पट्टीखाली कागद, कागदाखाली रॅप, रॅपखाली उलट दिशेने रॅप. आपटेसाहेबाने कात्री पुढे केली, पण आतल्या वस्तूला लागेल म्हणून काकूंनी ती नाकारली आणि एकेक थर सोडवत राहिल्या, जणू आतले मशीन झोपले आहे आणि त्याला जाग येऊ द्यायची नाही. अखेर मशीन निघाले. अंगात दुलईची खोळ. पडदा उजळ, आवाज स्वच्छ.

आपटेसाहेबाने ते हाती घेतले. खोळ ओळखून त्याने एक उसासा टाकला, पण मशीन उलटसुलट पाहताच त्याची कळी खुलली. “एक ओरखडा नाही. गाडीत आदळलं, शहरभर फिरलं, तरी बघा. याला म्हणतात मजबूत मशीन.”

“मशीन की पॅकिंग?” टेपवालीने जमिनीवरूनच विचारले.

हा वाद त्या विभागात पुढे कधीही मिटला नाही. आपटेसाहेबाने तो मिटवण्याचा आपल्या परीने प्रयत्न केला. खोळ काढून त्याने मशीन डोक्याच्या वर धरले आणि सोडले. परंतु ते फरशीपर्यंत पोचले नाही. काकूंचे दोन्ही हात मधेच आले आणि त्यांनी ते अलगद झेलले. हे त्यांनी ठरवून केले नव्हते. ते हातांनीच केले होते.

हसून हसून पुसलेले डोळे मॅनेजरबाईंनी पुन्हा चष्म्याआड नीट बसवले आणि विचारले, “काकू, मशीन हरवलं होतं का?”

काकूंनी खुर्चीच्या गाठोड्याकडे एकदा पाहिले. बाराही मशीने समोर होती. नाही म्हणायला जागा होती.

“हो बाई,” त्या म्हणाल्या. “हरवलं होतं. मीच पॅक केलं, मीच पाठवलं. आणि वर तुमच्यापासून लपवायला गेले.”

“ते शेवटचं मला आवडलं नाही. पुढच्या वेळी आधी मला येऊन सांगायचं.”

काकूंनी मान हलवली. मग त्या शब्दांचा अर्थ त्यांच्यापर्यंत सावकाश पोचला. “पुढच्या वेळी?”

मॅनेजरबाई म्हणाल्या, की यंत्रांचे काय ते हे साहेब पाहतील. खुर्चीचे मी पाहते. जुन्या प्रमुखांची शिट्टी मी इतकी वर्षे काचेआडून ऐकत आले, पण हे दालन गप्प झालेले कधी पाहिले नव्हते. आज एका हाताने ते थांबले. जिला शिट्टी लागत नाही तिनेच त्या खुर्चीवर बसावे. “आणि गुडघ्यांचं आम्हाला कोणी सांगितलं असतं,” त्या जरा हळू आवाजात म्हणाल्या, “तर सगळ्या टेबलांपाशी स्टुलं आली असती. ती आता येतील.”

पुढे काय झाले ते शिस्तीत सांगणे कठीण आहे, कारण ते शिस्तीत झालेच नाही. सारा विभाग त्या गाठोड्यावर तुटून पडला. बबल रॅपचे फुगे फटाफट फुटू लागले. आपटेसाहेब गुडघे टेकून चाकांचे रॅप सोडवत होता, आणि काकू मागून ओरडत होत्या, की फाडू नका, नीट सोडा, परत वापरता येतो. खुर्ची मोकळी झाली. काकू तिच्यासमोर उभ्या राहिल्या, पदराने त्यांनी बैठक पुसली, आणि त्या बसल्या. पाय कड्यावर टेकले. हात दांड्यांवर विसावले. चेहऱ्यावर असे काही पसरले, की टेपवालीलाही बोलायचे सुचेना. म्हणून तिने दांडी धरून खुर्चीला एक सणसणीत गिरकी दिली. काकू गरकन फिरल्या. विभाग, पट्टे, मॅनेजरबाई, आपटेसाहेब, यजमान, पुन्हा विभाग. त्या थांबल्या तेव्हा खुदुखुदु हसत होत्या, आणि त्यांनी कोणाला ऐकू जाईल न जाईल अशा बेताने म्हटले, “अजून एकदा.”

दुसऱ्या गिरकीनंतर त्या उतरल्या, कारण फुलदाणी उघडी होती. या खेपेस त्यांनी तिच्याकडे पाहत पाहत ती गुंडाळली. टेपवालीने टेप लावली. यजमानांनी खोके घेतले, कानाशी धरले, हलवले. आतून चकार शब्द आला नाही. त्यांनी समाधानाने मान डोलावली, पण पाय मात्र दारात घुटमळला.

“माझं नक्की काय चुकलं होतं गं?” त्यांनी विचारले.

“काही नाही,” काकू म्हणाल्या.

“मग मी माफी मागितली ती?”

काकू पुन्हा खुर्चीवर चढून बसल्या होत्या. त्यांनी क्षणभर विचार केला.

“राहू दे जमा,” त्या म्हणाल्या. “संध्याकाळपर्यंत लागेल.”